चारशे बर्न झाल्या म्हणे!

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी भेटणारे लोक हल्ली आधी मनगट पुढे करतात आणि मग ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात. “मॅडम, आज चारशे बर्न झाल्या!” बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असोत, आयटीतली मुलं असोत की गुडघ्याला पट्टा बांधून येणाऱ्या आजी, आकडा सांगताना प्रत्येकाचा आवाज थोडा चढतो. मी कौतुकाने मान डोलावते. पण मनात जुन्या सवयीने पहिला प्रश्न येतो : कशावरून?

ही सवय नोकरीची. शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात मी व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. कॅलरीची ओळख आमच्या मुलांना फळ्यावर नाही, सायकलवर व्हायची. नाकाला चिमटा, तोंडात रबरी नळी, पाठीमागे लटकवलेली भलीमोठी पिशवी आणि पायडल मारून घामाघूम झालेला कुणीतरी बिचारा विद्यार्थी. एवढा खटाटोप करून दहा मिनिटांच्या व्यायामाचा आकडा हाती लागायला तास-दीड तास जायचा. त्यामुळे मनगट वळवलं की आकडा हजर, हे पाहिलं की मला आनंदही होतो आणि शंकाही येते.

शंकेचं कारण साधं आहे. घड्याळ दाखवतं तो आकडा मोजलेला नसतो, अंदाजाने काढलेला असतो. अंदाज वाईट नसतोच. निम्मं शास्त्र अंदाजावर चालतं. पण अंदाजाकडून किती काम करून घ्यायचं, हे ठरवायला तो कसा काढला हे माहीत हवं.

पिशवीत पकडलेला श्वास

आधी एककाचं बघू. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. आहाराच्या आणि व्यायामाच्या गप्पांत आपण त्यातला ‘किलो’ गाळून नुसतं ‘कॅलरी’ म्हणतो. या लेखातही तसंच म्हणणार आहे. म्हणजे कॅलरी हे उष्णतेचं माप आहे. मग माणसाच्या शरीरातून निघालेली उष्णता मोजली की झालं. पण माणूस मोजायचा कसा?

सुरुवात माणसापासून झालीच नाही. पॅरिसमध्ये १७८२-८३च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळतो ते तोलून पाहिलं. तो प्राणी श्वासावाटे किती वायू सोडतो तेही पाहिलं. निष्कर्ष असा निघाला की श्वसन हे संथ ज्वलनच आहे. कोळसा जळताना जे होतं तेच शरीरात होतं, फक्त ज्वाला दिसत नाही. पुढे लाव्हाझिएने आपला सहकारी सेगँ याला बसवून, खाऊ घालून, कष्टाचं काम करायला लावून तो किती ऑक्सिजन वापरतो हे मोजलं. व्यायामात ऑक्सिजनचा खर्च वाढतो, हे आकड्यांत तेव्हा आलं. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर यांनी माणूस राहू शकेल अशी खोलीच बांधली. तांब्याच्या भिंती, हवा मोजून आत, मोजून बाहेर, जेवण एका झरोक्यातून. आत माणूस दिवसचे दिवस राहायचा, झोपायचा, जागच्या जागी सायकल मारायचा. भिंतींतल्या नळ्यांतून वाहणारं पाणी किती तापलं यावरून त्याची उष्णता कळायची. त्या उष्णतेचा मेळ त्याने घेतलेल्या ऑक्सिजनशी आणि खाल्लेल्या अन्नाशी जवळजवळ तंतोतंत बसला. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं यांच्या ग्रॅममागे चार आणि स्निग्धांशाच्या ग्रॅममागे नऊ कॅलरी, हे आज बिस्किटाच्या पुड्यामागचे आकडे ज्या गणितातून येतात ते ॲटवॉटर यांच्याच कामाचं फळ.

खोली खांद्यावर टाकून डोंगर चढता येत नाही. ती अडचण ऑक्सफर्डच्या क्लॉड डग्लस यांनी १९११ साली सोडवली. त्यांनी उच्छ्वासाची हवा हवाबंद पिशवीत गोळा केली आणि नंतर तिचं पृथक्करण केलं. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंच शिखरावर गेलेल्या शास्त्रज्ञांच्या तुकडीत डग्लस होते. आमच्या प्रयोगशाळेतली पिशवी ती हीच, डग्लस बॅग.

आमचं गणित असं चालायचं. समजा, सायकल मारणाऱ्या मुलाने एका मिनिटात ३५ लिटर हवा बाहेर सोडली. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के असतो. पिशवीतल्या हवेत तो १६.९३ भरला. म्हणजे चार टक्के कुठे गेला? मुलाने वापरला. ३५ लिटरचे चार टक्के म्हणजे १.४ लिटर. शरीरात एक लिटर ऑक्सिजन खर्च झाला की साधारण पाच कॅलरी मोकळ्या होतात. इंधन चरबी असेल तर पाचाहून थोड्या कमी, साखर असेल तर किंचित जास्त. तेव्हा १.४ गुणिले पाच, मिनिटाला सात कॅलरी. मुलं हताश व्हायची. “मॅडम, एवढा घाम गाळून सातच?” हो, सातच. त्यातही गंमत अशी की सायकलच्या चाकापर्यंत पोहोचलेली शक्ती सातातल्या दीडच्या आसपास असते. उरलेली सगळी उष्णता होऊन अंगावर येते, म्हणून तर घाम.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. व्यायामात किती कॅलरी खर्चल्या याचं खरं उत्तर श्वासात असतं, ऑक्सिजनमध्ये असतं. आणि मनगटाला श्वास मोजता येत नाही.

घड्याळाला दिसतं काय?

घड्याळ उलटं करून पाहा. मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्या क्षणभर भरतात, प्रकाश जास्त शोषला जातो, कमी परततो. त्या कमी-जास्तावरून घड्याळ नाडी ओळखतं. शिवाय आत हालचाल टिपणारा एक इवलासा संवेदक असतो. हात किती, कोणत्या दिशेने, किती झटक्याने हलला ते तो सांगतो. काही घड्याळांत जीपीएस आणि उंची कळण्यासाठी हवेचा दाब मोजणारा भागही असतो. बाकीची माहिती तुम्हीच पहिल्या दिवशी भरलेली असते : वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष.

एवढ्या सामग्रीवरून कंपनीचं सूत्र आकडा काढतं आणि ते सूत्र काय आहे हे बहुतेक कंपन्या उघड करत नाहीत. म्हणूनच एकाच रस्त्याने हातात हात घालून फिरून आलेल्या नवरा-बायकोच्या दोन कंपन्यांच्या घड्याळांचे आकडे जुळत नाहीत आणि टेकडीवर छोटासा कलह होतो.

नाडीवरून ऊर्जा काढणं म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजून किती गॅस जळला ते सांगणं. संबंध आहेच. शिट्ट्या जास्त, गॅस जास्त. पण कुकर केवढा, आत काय शिजतंय, शिट्टी सैल आहे का, यावर बरंच अवलंबून. स्थिर वेगाने चालणं, पळणं, सायकल यांत नाडी आणि ऑक्सिजन बऱ्यापैकी जोडीने वाढतात. पण नाडी इतर कारणांनीही वाढते. मे महिन्याच्या उकाड्यात तोच रस्ता तेवढ्याच वेगाने चाला. शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे धाव घेतं, ठोके वाढतात, ऑक्सिजनचा खर्च मात्र जवळपास तेवढाच. पाणी कमी प्यायलात, रात्री झोप झाली नाही, कडक कॉफी घेऊन निघालात, वाटेत कुत्रं अंगावर आलं, तरी ठोके वाढतात. उलट, रक्तदाबावरच्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी कितीही चाललं तरी फारशी चढत नाही. अशा माणसाचं घड्याळ त्याच्या कष्टाची किंमत कमी लावतं. (म्हणून कुणी गोळी बंद करू नये, घड्याळाकडे दुर्लक्ष करावं.)

हालचालीच्या संवेदकाचेही घोळ असतात. पोळ्या लाटताना पावलं वाढलेली मी स्वतः पाहिली आहेत. मंडईतून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन येताना हात हलत नाहीत, म्हणून खरे कष्ट नोंदलेच जात नाहीत. हातगाडी ढकलणाऱ्या माणसाचं तेच. डंबेल्स घट्ट पकडले की मनगटाचे स्नायू ताणले जातात आणि हिरव्या दिव्याला नाडी नीट दिसत नाही. वजनांच्या व्यायामात घड्याळ बरंच गोंधळतं. बांगड्यांच्या मागेपुढे सैल सरकणारं घड्याळही चुकतंच.

हा घोळ किती मोठा असतो? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ६० स्वयंसेवकांच्या मनगटांवर सात वेगवेगळी यंत्रं बांधली, त्यांना ट्रेडमिलवर चालवलं-पळवलं, सायकल मारायला लावली आणि सोबत त्यांचा श्वासही मोजला. नाडीच्या बाबतीत सातांपैकी सहा यंत्रं पाच टक्क्यांच्या आत बरोबर निघाली. ही कौतुकाची गोष्ट आहे. कॅलरींच्या बाबतीत मात्र त्यातलं सर्वांत अचूक यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हापासून यंत्रं सुधारली आहेत, पण मूळ अडचण तीच आहे : श्वासाची गोष्ट नाडीवरून ओळखायची.

जिममधल्या ट्रेडमिलचा आकडा आणखी भाबडा असतो. तुम्ही वजन भरलं नाही तर ती मनाशीच एक वजन धरून चालते. पुढच्या दांडीला धरून, अंगाचा भार तिच्यावर टाकून चालणाऱ्यांना तर ती चढाचा पूर्ण हिशोब देऊन टाकते; चढ चढलेला असतो पट्टा, माणूस अर्धवट लटकलेला.

कागद-पेन्सिल घ्या

घड्याळ नसेल तरी अंदाज काढता येतो आणि तो फार वाईट नसतो. शास्त्रज्ञ त्यासाठी ‘मेट’ हे माप वापरतात. शांत बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे एक मेट : दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन, म्हणजे ढोबळमानाने दर किलोला तासाला एक कॅलरी. कोणतं काम किती मेटचं, याचा मोठा तक्ता बार्बरा एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला आणि तो वेळोवेळी सुधारला जातो. ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चालणं साधारण साडेतीन मेट. हठयोगाची आसनं अडीच. ताशी आठ किलोमीटरने पळणं आठाच्या थोडं वर. मेट गुणिले वजन गुणिले तास, झालं गणित.

साठ किलोच्या बाईने तासभर चालणं केलं तर साडेतीन गुणिले साठ, २१० कॅलरी. पण थांबा. ती बाई तो तास सोफ्यावर बसली असती तरी साठ कॅलरी खर्चल्याच असत्या. म्हणजे चालण्याने वाढलेला खर्च दीडशे. बरीच यंत्रं सरसकट २१० दाखवतात आणि बसून मिळालेले साठही व्यायामाच्या नावावर जमा करतात.

पळणाऱ्यांसाठी तर याहून सोपं सूत्र आहे. इटलीतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ रोडोल्फो मार्गारिया आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली दाखवलं की सपाटीवर पळताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते आणि वेगाने त्यात फारसा फरक पडत नाही. साठ किलोचा माणूस २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन धावला तर साडेबाराशेच्या आसपास. घड्याळ दोन हजार म्हणालं तर त्याला समज द्यावी. चालताना वाढणारा खर्च याच्या साधारण निम्मा.

आता सूर्यनमस्कारांकडे वळते, कारण त्यांच्याबद्दलचा एक आकडा व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे : एका सूर्यनमस्काराला १३.९ कॅलरी. दशांशचिन्ह आलं की माणसाचा विश्वास बसतो. ताडून पाहू. एका नमस्काराला अर्धं मिनिट धरलं तर मिनिटाला जवळपास २८ कॅलरी. पाच कॅलरींना एक लिटर या हिशोबाने मिनिटाला साडेपाच लिटरहून जास्त ऑक्सिजन. साठ किलोच्या माणसासाठी हे जगातल्या अव्वल क्रॉसकंट्री स्कीपटूंच्या कमाल मर्यादेजवळचं आहे. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रथसप्तमीला जमणाऱ्या मंडळींपैकी कुणी तिथवर पोहोचल्याचं माझ्या पाहण्यात नाही. श्वास सांभाळत, संथ घातलेल्या सूर्यनमस्कारांना तक्ता ३.३ मेट देतो. न थांबता वेगाने घातले तर त्याच्या दुपटीवर जाता येतं. संथ नमस्काराला वेळ जास्त लागतो, त्यामुळे दोन्ही प्रकारे एका नमस्काराला तीन-चार कॅलरींच्या आसपासच येतं.

यात सूर्यनमस्काराचा मुळीच कमीपणा नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा घरोघरी प्रसार केला तो कॅलरी जाळायला नव्हे. पाठीचा कणा, खांदे, पोट, श्वास हे सगळं एका ओळीत वापरायला लावणारा व्यायाम फुकटात, सतरंजीएवढ्या जागेत होतो, ही त्याची थोरवी. तालमीतही जोर-बैठका मोजत. उष्णता कुणी मोजली नाही आणि पैलवान काही वाईट झाले नाहीत.

सिंहगडावरची वजाबाकी

पुणेकरांच्या जिव्हाळ्याचं उदाहरण घेऊ. आतकरवाडीतून सिंहगडाच्या पुणे दरवाज्यापर्यंत चढ साधारण ६०० मीटरचा. साठ किलोचं शरीर ६०० मीटर उचलायचं तर साठ गुणिले ९.८ गुणिले ६००, म्हणजे तीन लाख ५३ हजार ज्यूल. कॅलरीत सांगायचं तर फक्त ८४. पण स्नायू जाळलेल्या इंधनापैकी पाव भागच कामाला लावतात, तेव्हा चौपट करा : साडेतीनशेच्या जरा खाली. आडवं अंतर आणि स्वतःचा मूळ खर्च धरला तर चारशेच्या आसपास. चांगला दणदणीत व्यायाम आहे.

वर पोहोचल्यावर भजी येतात. प्लेटभर कांदाभज्यांना बेसन समजा ४० ग्रॅम, त्याच्या दीडशेच्या आसपास कॅलरी. तेल चार छोटे चमचे शोषलं असेल तर २० ग्रॅम गुणिले नऊ, १८०. कांदा सोडून देऊ. झाले ३३०. म्हणजे गड चढून जे खर्चलं ते पहिल्या प्लेटीतच वळतं झालं. पिठलं-भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही हे सगळं वरकड. मी भजी खाते, आनंदाने खाते. फक्त “चारशे बर्न झाल्या ना, मग खाऊ या” असं म्हणून खात नाही. कारण घड्याळाच्या चारशेत २५-३० टक्क्यांची चूक असू शकते आणि ताटातल्या अंदाजातही तेवढीच. दोन अंदाजांची वजाबाकी करून उरणाऱ्या पन्नास-शंभर कॅलरींना काहीही अर्थ नसतो.

याहून खोल असं एक कारण आहे. दिवसभराचा एकूण खर्च मोजायची एक सुरेख पद्धत आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे जड, निरुपद्रवी प्रकार असलेलं पाणी प्यायला देतात आणि ते शरीरातून कोणत्या गतीने बाहेर पडतात ते लघवीच्या नमुन्यांत पाहतात. अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठातल्या नेथन लिफसन यांनी १९५०च्या सुमारास ही पद्धत प्राण्यांसाठी काढली. माणसांवर ती १९८२च्या सुमारास आली. नळी नाही, खोली नाही, माणूस आपल्या उद्योगाला मोकळा.

याच पद्धतीने हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा खर्च मोजला. तिथले पुरुष रोज अकराएक किलोमीटर चालतात, बायका सहाएक, शिवाय जमीन खणतात, ओझी वाहतात. खर्च आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असणार असं कुणालाही वाटेल. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वेगळाच निघाला. शरीराचा आकार विचारात घेतला तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च अमेरिका-युरोपातल्या शहरी माणसांइतकाच भरला. चालण्यात गेलेली ऊर्जा शरीर दुसरीकडून वाचवतं, असं पाँट्झर यांचं म्हणणं. ही काटकसर किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. २०२१ साली बऱ्याच देशांतल्या मोजमापांवरून केलेल्या एका अभ्यासात ती सरासरी २८ टक्के निघाली, म्हणजे व्यायामात शंभर कॅलरी जास्त गेल्या तर दिवसाच्या एकूण खर्चात वाढ ७२ची. आपण हे टेकडीवर पाहतोच. सकाळी तासभर चढून आलेला माणूस दुपारी जरा जास्तच लोळतो आणि खालच्या दुकानात जायला स्कूटर काढतो.

म्हणून वजन कमी करण्याचा सगळा भार व्यायामाच्या कॅलरींवर टाकू नये. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात आणि आपल्या तासाभराच्या चालण्यातून वाढीव दीडशे जातात. भागाकार तुम्हीच करा आणि घाबरू नका. वजनाचा काटा स्वयंपाकघरातून जास्त हलतो. व्यायामाचं काम वेगळं आहे.

एकाच वजनाची दोन माणसं

ते काम कोणतं, हे कळायला पुण्यातलंच उदाहरण आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन या दोघांचं छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून मेदस्वी, ही भारतीय शरीराची ठेवण पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही दिसते, हे याज्ञिकांच्या संशोधनाने दाखवलं.

घड्याळाला यातलं काय कळतं? त्याला फक्त वजन माहीत. विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला तेराएक कॅलरी वापरतो, एक किलो चरबी साडेचार. म्हणजे एकाच वजनाच्या दोन माणसांचा बसल्या जागचा खर्चही सारखा नसतो. भारतीय प्रौढांचा विश्रांतीचा खर्च आंतरराष्ट्रीय सूत्रांच्या उत्तरापेक्षा थोडा कमी भरतो, हेही अनेक मोजमापांत दिसलं आहे. परदेशी सूत्र आपल्या मनगटावर जरा उदार होतं ते असं.

आपल्यासारख्यांना म्हणूनच स्नायू राखणारा व्यायाम हवा : बैठका, जोर, वजनं, जिने. यांचा कॅलरींचा आकडा किरकोळ दिसतो. अर्धा तास वजनं उचलून आलेल्या सूनबाईला घड्याळ शंभर-सव्वाशे दाखवतं, मैत्रिणीला झुंबाने तीनशे, आणि ती वजनं सोडून देते. इथे आकडा नुसता चुकत नाही, तो भलत्याच दिशेला नेतो. जेवणानंतर रक्तातली साखर उचलून घेणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. तो वाढला, कामाला लागला, तर मधुमेहाच्या वाटेवर अडसर उभा राहतो. हाडांवर ताण पडला की हाडं टिकतात. म्हातारपणी खुर्चीतून हात न टेकता उठता येतं. यातलं काहीही कॅलरीत लिहिता येत नाही.

मग घड्याळाचं काय करायचं?

घालायचं. माझ्याही हातात आहे, मुलाने दिलेलं. फक्त त्याला योग्य प्रश्न विचारायचे. नाडी विचारा, तिचं उत्तर बऱ्यापैकी खरं असतं. मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्टसर बांधा. चाललेली मिनिटं विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेलं माप मिनिटांतच आहे, आठवड्याला मध्यम जोराचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटं आणि दोन दिवस स्नायूंचा. मध्यम जोर म्हणजे किती? बोलता येतं, पण गाता येत नाही इतका. याला कोणतंच यंत्र लागत नाही.

कॅलरींचा आकडा पाहायचाच असेल तर आपला आपल्याशी, तेच घड्याळ, तोच हात, तीच वाट, आणि दिवसाऐवजी महिन्याच्या हिशोबाने पाहा. शेजाऱ्याशी तुलना नको, ताटाशी तर नकोच. वजन बदललं की घड्याळात बदला. तीन वर्षांपूर्वीचं वजन धरून बसलेली घड्याळं मी पुष्कळ पाहते.

आणि एक तक्रार माझ्याकडे नेहमी येते, तिचं उत्तर देऊन टाकते. “मॅडम, चार महिने झाले, तीच टेकडी, तोच वेळ, पण कॅलरी कमी दाखवतंय. आधी चारशे यायच्या, आता तीनशे वीस. घड्याळ बिघडलं का?” बिघडलेलं नाही. वजन दोन किलो उतरलं असेल तर तेवढं ओझं आता वर न्यावं लागत नाही. हृदय एका ठोक्यात पूर्वीपेक्षा जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याच चढाला ठोके कमी लागतात, आणि ठोक्यांवरून कष्ट ओळखणारं घड्याळ आकडा खाली आणतं. तुम्ही ज्यासाठी पहाटे उठत होतात ते झालेलं आहे. अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांकडे मी पेढे मागते. आणि पेढ्याच्या कॅलरी विचारत नाही.